एवढं पान होऊ दे

सत्ताविसाव्या पानावर, आकड्याच्या अगदी खाली, पेन्सिलीची चार टिंबं होती. दोन असती तरी मंजुषाच्या छातीत धस्स झालं असतं; ही चार होती. वर दोन, खाली दोन. पंचवटीतल्या त्या वाचनालयात, वाणसामानाच्या दुकानावरच्या अरुंद खोलीत, शनिवारी संध्याकाळी ती पुस्तक उघडं धरून उभी होती आणि टेबलाशी बसलेल्या साधनाताई काहीतरी सांगत होत्या. शब्द कानांवर पडत होते, आत जात नव्हते. पुस्तक तिचं स्वतःचं होतं. तिनं लिहिलेली कादंबरी. वाचनालयाच्या प्रतीला तपकिरी कागदाचं कव्हर घालून वर शाईनं क्रमांक टाकला होता. साधनाताईंनी ते मोठ्या कौतुकानं कपाटातून काढून तिच्या हातात दिलं होतं. "बघा मंजुषाताई, दोनदा शिवून घ्यावं लागलं, इतकं फिरलंय. आणि पुढच्या रविवारी आपल्या वर्धापनदिनाला तुमच्या आईंचा, काकूंचा सत्कार ठरलाय बरं का. कादंबरीतली आई लोकांना प्रत्यक्ष बघायचीय. साडी आणून ठेवलीय मी, त्यांना आवडेल अशी." मंजुषा हो हो म्हणाली. आईचा पाय मुरगळला होता, म्हणून आईचं पुस्तक बदलायला ती आली होती. काम एवढंच होतं.

टिंबांची ही भानगड वाचनालयात वाढलेल्यांना सांगायला नको, पण ज्यांनी जन्मभर पुस्तकं विकत घेतली त्यांना ती ठाऊक नसायची. वर्षानुवर्षं पुस्तकं बदलणारी माणसं वाचून झालेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेऊ नये म्हणून आपली एक खूण करून ठेवतात. ठरलेलं पान, ठरलेली खूण. कुणी अकराव्या पानाच्या आकड्याला गोल करतं, कुणी समासात फुली मारतं, एक निवृत्त पोस्टमास्तर तर शेवटच्या पानावर रजिस्टरचं पाकीट मिळाल्यासारखी झोकात सही करायचे. 'पुस्तकात खुणा करू नयेत' ही पाटी भिंतीवर असते आणि तिच्याखाली उभं राहूनच लोक आपापल्या खुणा शोधत असतात. आईचं पान सत्तावीस. नक्षत्रं सत्तावीस, म्हणून लक्षात राहतं, असं ती म्हणायची. भटजींच्या घरात दुसरं काय सुचणार. आणि खूण म्हणजे शेजारी शेजारी दोन टिंबं, सवाष्णीला हळद आणि कुंकू लावावं तशी. लहानपणी पुस्तक आणायला मंजुषाच जायची आणि निघताना मागून हाक यायचीच, "सत्तावीस बघ गं आधी!" टिंबं दिसली की पुस्तक परत कपाटात. आईनं एक पुस्तक दोनदा वाचल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "जगात पुस्तकं काय थोडी आहेत, की एकातच परत परत शिरायचं?" असा तिचा रोकडा हिशेब होता. म्हणून आज सवयीनंच मंजुषाची बोटं सत्ताविसाव्या पानाशी गेली होती आणि तिथेच थांबली होती.

कारण आईनं कादंबरी वाचलेलीच नाही, हे तिनं आता धरून चाललेलं होतं. गेल्या दिवाळीत पुस्तक आलं, पहिली प्रत तिनं आईच्या हातात ठेवली. आईनं तिला हळदकुंकू वाहिलं, देव्हाऱ्यात नानांच्या, म्हणजे मंजुषाच्या वडिलांच्या, फोटोशेजारी उभी केली आणि म्हणाली, "वाचते सावकाश. घाई काय आहे?" हे बोलणारी बाई दुपारच्या दोन वामकुक्षींमध्ये कादंबरी फस्त करणारी होती. महिना गेला, सहा गेले. पेपरात परीक्षणं आली, एक पुरस्कार मिळाला, 'तुमच्या कादंबरीतल्या आईत मला माझी आई भेटली' अशी सटाण्यापासून कुठून कुठून पत्रं आली. आई सगळं ऐकून घ्यायची, चांगलं झालं म्हणायची आणि पोळ्या लाटायला लागायची. मंजुषानं विचारणं सोडून दिलं. देवव्रत, तिचा नवरा, म्हणायचा, "संकोच वाटत असेल गं त्यांना, स्वतःबद्दल वाचायचं म्हणजे." आई आणि संकोच! पण मंजुषानं तेही मानून घेतलं, कारण न वाचल्याचं दुःख एकदा सवयीचं झालं की फार दुखत नाही. आता ते दुःखही हातातून गेलं. आईनं वाचली होती. दोनदा वाचली होती. आणि गप्प राहिली होती.

जिना उतरून ती बाजारात आली. कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, पाण्यात भिजवलेल्या पोत्याखाली झाकलेली शेवंती, रिक्षांचे भोंगे, गंगेकडून, म्हणजे गोदावरीच्या घाटाकडून, येणारा घंटेचा आवाज. पिशवीत आईसाठी घेतलेलं नवं पुस्तक होतं. सत्तावीस कोरं बघून घेतलेलं. चालता चालता तिच्या नाकात एकाएकी करपलेल्या दुधाचा वास भरला. आसपास कुठे दूध नव्हतं. हा वास तिच्या लेखी कादंबऱ्यांचाच वास होता. शाळेतून यावं तर दार नुसतं लोटलेलं असायचं, आई खिडकीखाली चटईवर बसलेली, मांडीवर पुस्तक, स्टोव्हवर दूध. "आई, भूक लागली." "हो हो. थांब, एवढं पान होऊ दे." एवढं पान कधी एवढंसं नसायचं. मंजुषा दप्तर न काढता उभी राहायची. दूध आधी वर यायचं, मग बाहेर, मग फडफडत स्टोव्हवर, आणि त्या आवाजानं आई पळायची. मुलीच्या आवाजानं नाही, दुधाच्या. नाना रामकुंडावरून यात्रेकरूंचे विधी आटोपून यायचे तेव्हा घरभर तो वास असायचा. ते जानवं सारखं करत म्हणायचे, "आज कुठली बाई मेली?" कारण आईच्या कादंबऱ्यांत शेवटी आई मरायची. खोकून खोकून, बांगड्या विकून, मुलाच्या परीक्षेचा निकाल ऐकून, समाधानानं डोळे मिटून मरायची. आणि आई पदरानं डोळे पुसत बसायची. मंजुषाला त्या कागदावरच्या आयांचा मनस्वी राग यायचा. त्यांच्यासाठी आईला रडू यायचं, आणि जितीजागती मुलगी फ्रॉकचा उसवलेला हेम हातानं धरून समोर उभी असली, तरी तिच्यासाठी पान संपायला हवं होतं.

मालेगाव स्टँडच्या पुढे येऊन ती दिंडोरी रोडला वळली. नाना गेल्यापासून आई इकडे सोसायटीत दोन खोल्यांत राहत होती, आणि हट्टानं एकटीच. रस्ता पायाखालचा होता, त्यामुळे मन हवं तिकडे फिरत होतं. कादंबरी लिहिली ती दोन वर्षं ऑफिसातून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर. तिची मुलगी मृण्मयी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. सारखी मधे येऊन उभी राहायची. पट्टी हरवली, प्रयोगवहीला कव्हर घाल, पोटात दुखतंय. आणि मंजुषा मान वर न करता म्हणायची, "थांब गं, एवढं पान होऊ दे." मंजुषा रस्त्यात थबकली. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवून तिला बाजूला केलं. ती नेमकं काय लिहीत होती तेव्हा? आपल्या मुलीला जी सगळं टाकून धावत येते, जिच्या घरात दूध कधी उतू जात नाही, मूल उंबऱ्यात दिसलं की जी पदराला हात पुसत सामोरी येते, अशी आई. मुलीला उभी ठेवून तिनं ती आई लिहिली होती. आणि लोक म्हणत होते की ती आई म्हणजे मंजुषाचीच आई, इंदिराबाई. त्या इंदिराबाईंनी ते दोनदा वाचलं होतं.

आणि सत्तावीस हे पान काय होतं, ते तर तिला बघावंही लागलं नव्हतं. तिथेच नायिकेच्या आईचं बाळंतपण होतं. 'पहिल्या टाहोसरशी तिला पान्हा फुटला आणि ती सारं जग विसरली.' वाचकांना ते पान फार आवडायचं. एका बाईंनी पत्रात ते वाक्य उतरवून पाठवलं होतं. त्याच आकड्याखाली आईची टिंबं. आई काही मुद्दाम तिथे गेली नव्हती, ते तिचं ठरलेलं पान होतं. पण तिथे आल्यावर ती थांबली असेल. पेन्सिल हातात धरून थांबली असेल. मंजुषाला चौऱ्याण्णव सालचं स्वतःचं बाळंतपण आठवलं. मृण्मयीला कुशीत दिली तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. शेजारणीनं जरा बाजारात जाऊन येते म्हणून आपलं मूल सांभाळायला द्यावं, तसं वाटलं होतं, आणि ती शेजारीण परत येईनाच. माहेरी पंचवटीत बायका डिंकाचे लाडू घेऊन यायच्या, बाळाच्या टाळूला तेल लावायच्या, म्हणायच्या, "आता बघ कशी माया फुटते." मंजुषा मान हलवायची. आपल्यात काहीतरी घडायचं राहून गेलंय, आपण मुळातच नासक्या आहोत, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. एका दुपारी ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. आई पाळण्याशी बसली होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, हातात पुस्तक, अंगठा आपला हलतोय, पानं उलटताहेत. पुस्तकातून डोळे न काढता आई म्हणाली, "मलाही तुझ्या वेळी काही वाटलं नव्हतं गं."

मंजुषाचं रडणं थांबलं होतं. आई तशीच बोलत राहिली, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तशी. "कादंबऱ्या वाचून गेले होते ना मी बाळंतपणाला. त्यात असतं, मूल छातीशी लागलं आणि ती सगळं विसरली. मी वाट बघत बसले, कधी एकदा विसरते. बारसं झालं तरी काही नाही. मग एक दिवस तू शिंकलीस. एवढीशी तू आणि एवढी मोठी शिंक, आणि स्वतःच दचकलीस. मला हसू आलं. तिथून सुरू झालं बघ." "मला नाहीच झालं तर?" मंजुषानं विचारलं. आई म्हणाली, "होतं. जरा थांब, एवढं पान होऊ दे." त्या दुपारी मंजुषा कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. पुढे तिचंही सुरू झालं. शिंकेनं नाही, मृण्मयीच्या कानामागे साचलेल्या दुधाच्या आंबूस वासानं. ती दुपार नसती तर आपलं काय झालं असतं, असं तिला नंतर कैकदा वाटलं होतं. आणि कादंबरी लिहायला बसली तेव्हा तिनं पाळणा घेतला, दोरी घेतली, अंगठाही घेतला. आईच्या हातातलं पुस्तक तेवढं काढून घेतलं आणि त्या जागी अंगाई घातली. इतक्या सहज, की आपण काही काढलं हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

आई खुर्चीत बसली होती, बँडेज बांधलेला पाय स्टुलावर. मंजुषा आत आल्या आल्या आई म्हणाली, "आणलंस? सत्तावीस बघितलंस का?"

"बघितलं." मंजुषानं पिशवी ठेवली. दूध आलेलं होतं, ते तिनं पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं आणि आईसमोर येऊन बसली. "माझंही बघितलं, आई."

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "कपाटात होतं? नेहमी कुणाकडे तरी गेलेलं असतं."

"चार आहेत."

"हं."

"घरात प्रत असताना तिथून कशाला आणलीस?"

"घरची तू दिलेली. ती उघडली की तूच दिसायचीस, वाकून लिहितेयस, चहा गार झालाय. मग वाचणार काय, डोंबल? तिथली तपकिरी कव्हरात घातलेली, चारचौघींसारखी. म्हटलं, आता बघू कशी आहे."

"कशी आहे?"

"चांगली आहे की. भाषा स्वच्छ आहे. मधे जरा रेंगाळते. तो मामा उगाच आणलास."

एरवी मंजुषा भांडली असती. मामा तिचा लाडका होता. "आणि दुसऱ्यांदा का वाचलीस?"

"पहिल्यांदा मी सापडले नाही गं. जो तो येऊन सांगत होता, काकू, हुबेहूब तुम्ही. ती मखमलाबादची रंगूबाई भाजी घेऊन येते ना, तिला तिच्या सुनेनं वाचून दाखवली. मला म्हणते, 'आज्जे, लय रडले बघा तुमच्यापायी.' मला वाटलं, माझीच नजर चुकली असेल. म्हणून परत आणली, नीट बघितली. घर आपलं आहे. ह्यांचं सोवळं आपलं, पाळणा आपला, दोरी आपली. अंगठा तर माझाच आहे. पण त्या अंगठ्याच्या वर जी बाई बसवलीस ना, ती कोण आहे गं?"

मंजुषानं स्टुलावरच्या पायाकडे बघितलं, बँडेजबाहेर आलेल्या अंगठ्याकडे.

"तिला वाचता येत नव्हतं का?" आईनं विचारलं. खोचून नाही विचारलं. नव्यानं राहायला आलेल्या बिऱ्हाडाची चौकशी करावी तसं, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं.

मंजुषाचे डोळे भरून आले. "मला लहानपणी हवी होती तशी लिहिली गेली ती," ती म्हणाली. "तुला दुखवायचं म्हणून नाही."

"ते कळलं मला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं. दारात उभी केलीस ना तिला, पोरगी शाळेतून यायच्या वेळी, तिथे कळलं." आई स्टुलावरचा पाय हातानं चोळू लागली. "राग नाही आला मंजू. वाईट वाटलं. म्हटलं, एवढी वर्षं मी होते तिथे, आणि हिला दिसलेच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुला हवी होती ती मिळाली, लोकांनाही आवडली. मी कशाला मधे येऊ?" आणि एकदम तिचा आवाज बदलला, त्यात जुना खट्याळपणा आला. "पण काय गं, पहिल्या टाहोसरशी पान्हा फुटला म्हणे. कुणाला? मला तर नाही. तुला फुटला होता?"

"नाही."

"मग आणलंस कुठून?"

"पुस्तकांतून," मंजुषा म्हणाली, आणि तिला रडता रडता हसू यायला लागलं.

"माझ्याच ना? तुला आणायला पाठवायचे, तीच! येता येता रस्त्यात वाचायचीस, मला काय माहीत नाही?" आईही हसली. हसता हसता थांबली आणि मग अगदी हळू, एखादी चांगली वस्तू प्रवासात राहून गेल्यासारखं म्हणाली, "शिंक घालायला हवी होती. शिंक चांगली होती."

मग मंजुषानं सत्काराचं सांगितलं. साधनाताईंनी साडी आणलीय, लोकांना कादंबरीतली आई बघायचीय. आईनं हात झटकला. "मग तिचाच करा की. बिचारी पुस्तकभर उभी आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा खाली बसली नाही. वाचताना माझे पाय भरून आले."

"मी सांगेन तिथे," मंजुषा म्हणाली. बोलेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं की ती हे बोलणार आहे. "तुझ्या हातात पुस्तक होतं ते सांगेन. मला काही वाटलं नव्हतं, तुलाही नव्हतं, तेही."

"एवढ्या लोकांत?"

"हो."

आईनं तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग हात पुढे करून पिशवीतलं नवं पुस्तक काढलं, सत्ताविसावं पान आपल्या डोळ्यांनी तपासलं आणि पहिलं पान उघडलं.

"म्हणजे येशील ना तू रविवारी? आई?"

"थांब," आई म्हणाली, "एवढं पान होऊ दे."

मंजुषा थांबली. आत दूध वर येत असल्याचा आवाज तिला आला, तशी ती उठली आणि गॅस बारीक करून तिथेच, जिथून आई दिसत होती, उभी राहिली. आई बसून वाचत होती.